दहा लाख तारा

आमच्या घरच्या दोन तंबोऱ्यांची जवारी गेली तीस वर्षं मिरजेतल्या एकाच माणसाच्या हातून होत आली आहे. आई गाणं शिकवायची तेव्हापासून. सतारमेकर गल्लीत त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. छताला पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, भिंतीला लाकडाच्या दांड्या टेकवलेल्या आणि मधोमध पोत्यावर चाचा. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही.

तंबोऱ्याच्या घोडीवर चार तारा टेकतात. ती हाडाची पट्टी वरून सपाट दिसते, पण तिला केसभर उतार असतो. तो उतार बरोबर साधला आणि तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला, तर एका तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं. हीच जवारी. वाजवून वाजवून तारांची खाच हाडात पडते, आवाज मुका होतो, मग कानशीनं हाड पुन्हा घासावं लागतं. चाचा ते काम डोळे मिटून करायचे. दोनदा कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एकदा फिरवायची. मी लहान असताना म्हणाले होते, "पोरी, हाड घासणं सोपं. थांबणं अवघड. एक हात जास्त फिरला की संपलं. काढलेलं हाड परत चिकटवता येत नाही."

उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकावर ते मनापासून चिडायचे. कोणी खोल खाचा पडलेला तंबोरा घेऊन आलं की म्हणायचे, "खाच डोळ्याला दिसंपर्यंत थांबलात? दिसत नाही तेव्हाच आणायचा असतो." म्हणून आमचे तंबोरे दर वर्षी, चांगले वाजत असतानाही, मिरजेला जायचे.

एका वर्षी मी तंबोरा घेऊन गेले, तर चाचांनी उठताना दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. चहा आला, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, तो लवंडला. थोरला मुलगा म्हणाला, "अब्बांना मोतीबिंदू झालाय. दोन वर्षं सांगतोय काढू या म्हणून." चाचांनी हात झटकला. "पिकला नाही अजून. पिकू दे, मग काढू."

हे वाक्य मी माझ्या आजोबांच्या तोंडूनही ऐकलं आहे आणि ते अडाण्याचं वाक्य नव्हे. त्यांच्या काळी ते खरं होतं. तेव्हा डोळ्याला मोठा छेद द्यावा लागे, आतलं अख्खं भिंग बाहेर काढत, टाके घालत, रुग्णाला डोकं न हलवता पडून राहावं लागे. भिंग गेल्यावर त्या जागी काही बसवत नसत, म्हणून मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. एवढं सगळं सोसायचं तर नजर जवळजवळ गेल्याशिवाय कोण तयार होणार? डॉक्टरच थांबायला सांगत. पद्धत बदलली, सल्ला मात्र घराघरांत तसाच राहिला. आज जास्त पिकलेला मोतीबिंदू दगडासारखा टणक होतो, तो फोडायला जास्त वेळ नि जास्त जोर लागतो, बुबुळाला इजा व्हायची भीती वाढते. फारच पिकला तर तो फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाबही चढवतो.

पण चाचांचं खरं म्हणणं वेगळंच होतं. "माझं काम कानाचं आहे. डोळ्यांची घाई काय?"

त्या वर्षीच्या उरुसात ते पडले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, चाचा लहानपणापासून तिथं रात्रभर बसतात. पहाटे बाहेर पडताना डाव्या बाजूची पायरी त्यांना दिसलीच नाही. गुडघा फुटला. मुलानं मला फोन केला, कारण माझं त्यांनी ऐकलं असतं असं त्याला वाटत होतं. ऐकलं नाहीच. शेवटी आई बोलली. आई ऐंशीची, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. ती फोनवर एवढंच म्हणाली, "माझा तंबोरा तुम्ही अंदाजानं लावलेला मला नको." दुसऱ्या दिवशी चाचा तयार झाले.

सरकारी रुग्णालयात आणि शिबिरांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, चांगली होते. पण त्यांच्या मुलानं खासगी रुग्णालय ठरवलं होतं, सांगली-मिरज रस्त्यावरचं. मी सोबत गेले.

डोळ्यांच्या रुग्णालयातला बाक ही एक वेगळीच जागा आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालून अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसलेली पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या मांडीवर फायली. आमच्या शेजारी तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार होते, साखरेमुळे पडद्याला सूज आलेली. त्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं होतं, तिसरं. पलीकडे पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा चष्मा घालवायला लेसरसाठी आला होता. त्याचं बुबुळ पातळ निघालं, डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तो हिरमुसून बसला होता, पण मला त्या नकाराबद्दल त्या डॉक्टरांचा आदर वाटला. एका लहान मुलीचा तिरळेपणा काढायचा होता. तिची आई सारखी विचारत होती, लग्नाच्या वयात केलं तर चालणार नाही का. नर्स तिला समजावत होती की हा प्रश्न दिसण्याचा नाही. वळलेल्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करायला लागतो, आणि लहानपण सरलं की त्याची ही सवय मोडत नाही.

आधी आत अंधाऱ्या खोलीत यंत्रात बघायला सांगितलं, तिथं लांब रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो. मग दुसऱ्या यंत्रानं डोळ्यावर हवेची फुंकर मारून दाब मोजला. मोजणाऱ्या मुलीनं डाव्या डोळ्याचा आकडा पाहिला, पुन्हा मोजला, तिसऱ्यांदा मोजला आणि थेंब न घालताच चाचांना डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

डॉक्टरबाईंनी एक साधी बॅटरी घेतली. उजव्या डोळ्यावर धरली, बाहुली आकसली. डाव्यावर नेली, बाहुली आकसण्याऐवजी हळूच मोठी झाली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. चार वेळा केलं. मग बॅटरी खाली ठेवून म्हणाल्या, "चाचा, तुमच्या घरात कुणाची नजर गेली होती का?"

"वालिदची. शेवटची सहा-सात वर्षं काही दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकून फुटला म्हणाले लोक."

"कुणी तपासलं होतं?"

"तेव्हा कोण तपासतंय."

त्या काही बोलल्या नाहीत. मग थेंब घातले, डोळ्याच्या मागची नस पाहिली, तिचा स्कॅन केला आणि नजरेची व्याप्ती मोजायच्या तपासणीला पाठवलं. ही तपासणी अशी की एक डोळा झाकून पांढऱ्या अर्धगोलाच्या आत बघायचं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. इकडंतिकडं बारीक उजेड चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. दाबलं की यंत्र टिक असा आवाज करतं. मी दाराबाहेर बसले होते. उजव्या डोळ्याच्या वेळी टिक-टिक चालू होतं, मध्ये थोडं थांबायचं, पुन्हा चालू व्हायचं. तिथल्या तंत्रज्ञानं सांगितलं होतं की चांगल्या डोळ्यालाही सगळे ठिपके दिसत नाहीत, काही मुद्दाम फार मंद असतात. मग डाव्याची वेळ आली. एक टिक आलं. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. मग एक टिक. पुन्हा काही नाही.

बाहेर आल्यावर चाचांनी मला विचारलं, "तू मोजलंस?"

"नाही, चाचा."

"मी मोजलं. आठ."

त्यांना मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. पण डावा डोळा मोतीबिंदूनं गेला नव्हता. त्याला काचबिंदू होता, वर्षानुवर्षं, न दुखता, न लाल होता. डोळ्यातला दाब सर्वसाधारणपणे दहा ते एकवीस असतो, त्यांचा डावीकडे चौतीस, उजवीकडे सव्वीस. मोतीबिंदूमुळे धूसर दिसतंय, असं समजून घरातल्या सगळ्यांनी, मीही, ते खांदा आपटणं, चहा लवंडणं, पायरी चुकणं त्याच खात्यात टाकलं होतं. मोतीबिंदूनं दिसणं धुरकट होतं. एक अख्खी बाजू नाहीशी होत नाही. आणि मोतीबिंदू कितीही दाट असला तरी बॅटरीच्या उजेडाला बाहुली आकसतेच. हे मला त्या दिवशी कळलं.

"हा कधी परत दिसेल?" चाचांनी डाव्या डोळ्यावर बोट ठेवून विचारलं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "चाचा, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. दाबानं ते एकेक करून मरतात. मेलेले तंतू परत आणायचा इलाज आज कुणाकडं नाही. डाव्याचे जवळजवळ सगळे गेलेत. उजव्याचे काही गेलेत, बरेच शिल्लक आहेत. ते राखायचे."

"दहा लाख तारा," चाचा म्हणाले. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तार तुटली तर दुसरी चढवता येती. हे हाडाचं काम झालं." डॉक्टरबाईंना ते कळलं नसावं. मला कळलं, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ठरलं असं की उजव्या डोळ्याला दाबाचे थेंब सुरू करायचे, दाब खाली आला की त्याच डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा. काम करायला तोच एक डोळा उरला होता. समुपदेशनाच्या खोलीत लेन्सच्या पॅकेजची पाटी होती. साधी, तिरप्या नंबराची, आणि जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी महागडी. मुलगा म्हणाला, पैसे होतील, सगळ्यात चांगली टाका. डॉक्टरबाई स्वतः उठून त्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "ती लेन्स उजेड वाटून देते, त्यामुळे बारीक फरक थोडे फिके दिसतात, दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. नस आधीच अधू आहे, तिला भरपूर उजेड हवा. यांना साधीच बरी." मग चाचांना विचारलं, "काम करताना वस्तू किती लांब धरता?" चाचांनी हवेत घोडी धरून दाखवली. तिथल्या मुलीनं पट्टीनं अंतर मोजलं. त्या अंतराला नीट दिसेल असा लेन्सचा नंबर ठरला, लांबचं बघायला चष्मा. महाग वस्तू खपवण्याची सोय असताना ती नको म्हणून सांगायला कुणी उठून यावं, हे मी त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहिलं.

चाचांना शस्त्रक्रिया कशी करतात ते ऐकायचंच होतं. भीतीपोटी नाही, कारागिराला जशी दुसऱ्या कारागिराच्या हत्याराची उत्सुकता असते तशी. डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दाखवलं. तीन मिलिमीटरपेक्षा लहान छेद. भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी. त्यातून सुई आत जाते, ती सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा थरथरते, त्या थरथरीनं गढूळ गर फुटतो आणि तीच सुई तो ओढून घेते. पिशवी तशीच ठेवायची, तिच्यात घडी घातलेली लेन्स सोडायची, ती आत आपोआप उलगडते. टाका नाही.

"म्हणजे आवाजानं फोडता," चाचा म्हणाले.

"आवाजच. पण तुम्हाला ऐकू यायचा नाही. माणसाच्या कानाची हद्द वीस हजारांवर संपते."

ही कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन नावाच्या डॉक्टरांना दातांच्या दवाखान्यात सुचली होती. दातांवरचं कीटण काढायचं थरथरणारं हत्यार पाहून. 1967 मध्ये त्यांनी ती वापरात आणली. आणि लेन्सची गोष्ट त्याहून जुनी. महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे कण घुसले होते. ते वर्षानुवर्षं आत राहिले, तरी डोळ्यानं कुरकुर केली नाही, हे हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांनी टिपून ठेवलं आणि 1949 मध्ये तशाच प्लास्टिकचं पहिलं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. चाचांनी हे मान हलवत ऐकलं. कुठलं हाड तारेला चालतं आणि कुठलं चालत नाही, हे शोधण्यात ज्याची हयात गेली त्याला यात नवल वाटलं नाही. त्यांनी कागद उलटा करून स्वतः एक चित्र काढलं, भोपळ्याचं. "आतला गर खरवडायचा, साल ठेवायची. पातळ झाली तरी फुटू द्यायची नाही. मग तिच्यातून आवाज निघतो. होय ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगदी तेच." तो कागद त्यांनी फाईलला लावून ठेवला.

शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. मोतीबिंदू टणक निघाला म्हणून थोडी लांबली. बाहेर आल्यावर चाचांचं पहिलं वाक्य होतं, "मशीन गातं. ओढायला लागलं की स्वर चढतो. आधी खाली होतं, मग हळूहळू वर." खोटं नव्हतं. डॉक्टरचे डोळे सूक्ष्मदर्शकात असतात, म्हणून किती जोरानं ओढलं जातंय ते यंत्र स्वर चढवून सांगतं.

महिनाभर घासकाम बंद होतं, हाडाची नि लाकडाची धूळ डोळ्यात जाऊ द्यायची नाही. डोक्यावरून पाणी नाही, रात्री डोळ्यावर कवच, थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर. ते महिनाभर नुसते बसून होते आणि बघत होते. हाच त्यांचा खरा त्रासाचा काळ ठरला. पिकलेलं भिंग पिवळं-तपकिरी असतं, त्यातून सगळं जग तसंच दिसतं. ते निघाल्यावर त्यांना निळा दिसला, पांढरा दिसला, आणि दुकानात टांगलेल्या स्वतःच्याच कामाचा रंग दिसला. दोन वर्षांत केलेलं पॉलिश त्यांना वाटत होतं तसं नव्हतं. तबलीच्या कडेची पानांची नक्षी डावीकडे भरकटली होती. घोड्या एका बाजूला जास्त उतरल्या होत्या. गिऱ्हाइकं काही बोलली नव्हती. चाचांच्या हातचं आहे म्हटल्यावर कोण बोलणार?

त्यांनी मुलाकडून वही मागवली. त्या दोन वर्षांत गेलेली वाद्यं नव्या नजरेनं एकेक करून शोधली. अकरा निघाली. प्रत्येक घरी फोन लावला. "माझ्याकडून चूक झाली आहे. तंबोरा पाठवा. पैसे नाहीत." माझा त्यातलाच एक होता. मी म्हटलं, चाचा, छान वाजतोय की. ते म्हणाले, "तुला कळत नाही एवढंच."

मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. चाचांनी पेढा घेतला आणि आतून सातारच्या गिऱ्हाइकाचा परत आलेला तंबोरा पुढ्यात ओढला. अकरातला तो शेवटचा होता.

डॉक्टरबाईंनी निघताना एक गोष्ट सांगितली होती. काचबिंदू रक्तातून चालत येतो. भावंडांना आणि मुलांना तपासायला हवं, विशेषतः चाळिशीनंतर. धाकटा भाऊ गेला, त्याचं सगळं नीट निघालं. मुलगी कोल्हापूरहून येऊन तपासून गेली. थोरला मुलगा तेवढा येईना. त्रेचाळीस वर्षांचा, दुकानाचा सगळा हिशेब, परदेशच्या ऑर्डरी, सगळं त्याच्यावर. "अब्बा, मला गाडीच्या नंबरप्लेटवरचं बारीक अक्षर वाचता येतं. सीझन झाला की बघू."

मी माझा दुरुस्त झालेला तंबोरा आणायला गेले होते तेव्हाची गोष्ट. चाचांनी माझा तंबोरा मुलापुढे उभा केला. "वाजव."

त्यानं छेडला. खोली भरली.

"कसा आहे?"

"उत्तम."

"हा नाही, आता दुसरा वाजव. हिच्या आईचा." आईचा तंबोरा वर्षाच्या जवारीसाठी मी त्याच दिवशी आणला होता. तोही भरून वाजला. चाचांनी मुलाच्या हातात भिंग दिलं. घोडीवर खर्जाच्या तारेखाली केसासारखी रेघ उमटलेली होती, भिंगाशिवाय न दिसणारी.

मुलानं भिंग खाली ठेवलं. तोही त्याच खोलीत वाढला होता. तो काही बोलला नाही, उठून त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

आम्ही तिघं गेलो. त्याचा दाब वाढलेलाच निघाला, दोन्ही डोळ्यांत. नस पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून तरी ठीक वाटते, पण व्याप्ती तपासून घेऊ. तो आत गेला, दार लागलं. चाचा बाकावर बसले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही डोळे मिटले आणि मान जरा तिरकी केली, जवारी ऐकताना करतात तशी.

उजव्या डोळ्याची टिक-टिक झाली. मध्ये तंत्रज्ञ बाहेर येऊन पाणी पिऊन गेला. मग डाव्याची सुरू झाली. टिक. जरा थांबून टिक. पुन्हा. चाचांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं एकेका आवाजाला उचलली जात होती. बाकावरची बाकीची माणसं थेंब घालून डोळे मिटून बसली होती, कुणाचं लक्ष नव्हतं. आठच्या पुढे गेलं तेव्हा चाचांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मोजणं थांबवलं नाही.